काळ्या डायलचं घड्याळ आणि बोहरी आळीतले स्क्रू

मागच्या मे महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे घरफोडी झाली. काका-काकू पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेलेले, चार दिवस घर बंद, तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोघंजण कडीकोयंडा उचकटून आत शिरले आणि समोरच्या बिल्डिंगच्या कॅमेऱ्यानुसार सतरा मिनिटांत बाहेर पडले. वॉचमन गेटवर, मी बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपवर मीटिंगला, आणि माझ्या पायाखाली हे चाललेलं. खरं सांगायचं तर आवाज आला होता मला. वाटलं कुणाचं तरी फर्निचरचं काम चालू असेल, कोथरूडात कायम कुणाचं ना कुणाचं चालूच असतं.

सोनं गेलं, थोडी कॅश गेली, आणि कपाटाच्या ड्रॉवरमधली तीन घड्याळं गेली. काकांबरोबर पोलीस स्टेशनला मी गेलो होतो. कलमं लागली भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१, घरातली चोरी आणि घरफोडी, म्हणजे पेपरात आपण वर्षानुवर्षं जुन्या दंड संहितेचे जे ३८० आणि ४५४ वाचत आलो तेच आता नव्या नंबरने. सोन्याचं सगळं नीट लिहून झालं, काकूंकडे पावत्या होत्या, मंगळसूत्राचा फोटो तर प्रत्येक लग्नातला होता. मग घड्याळं. कंपनी? दोन टायटन, एक जुनं फेवर ल्युबा. मॉडेल? माहीत नाही. नंबर काही? काका म्हणाले, "काळ्या डायलचं आहे." लिहिणारे हवालदार पेन थांबवून म्हणाले, "काका, काळ्या डायलची घड्याळं पुण्यात किती असतील सांगा बरं." टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्याकडे तेवीस घड्याळं आहेत. त्यातली अकरा वडिलांची, एक आजोबांचं खिशातलं, बाकी माझी हौस. वडील एसटीत होते, ड्युटी लावणारा माणूस, वेळेचा अतिशय काटेकोर. त्यांची एचएमटी जनता, एचएमटी पायलट, कांचन, एक फेवर ल्युबा सी किंग, आणि एक वेस्ट एंडचं सोवार प्रायमा जे त्यांनी १९८७ साली मुंबईच्या चोरबाजारातून आणलेलं, म्हणजे ते आधी कुणाच्या घरातून आलं असेल हा विचार मला पहिल्यांदाच त्या रात्री आला. माझी म्हणजे तीन सायको, टायटन एज, बोनसमधून घेतलेलं ओमेगा, आणि गेल्या वर्षी बायकोशी आठवडाभर अबोला पत्करून घेतलेलं एक ट्यूडर. सगळं मिळून साडेनऊ लाखांच्या आसपास जातं. आणि हे सगळं कुठे ठेवलेलं? बेडरूममध्ये ड्रेसिंग टेबलवर. लाकडी पेटीत. वर काचेचं झाकण. चोराला झाकण उघडायचेही कष्ट नकोत, आधी बघून पसंत करता यावं अशी सोय.

सुरुवात मी केली यादीपासून, कारण काकांची फजिती डोळ्यांसमोर होती. वाटलं दोन तासांचं काम आहे, दोन रविवार गेले. प्रत्येक घड्याळाचे पाच फोटो: डायल, मागचं झाकण, दोन्ही बाजू, आणि पट्टा काढून लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मधली जागा. नंबर शोधणं हाच एक उद्योग आहे. ओमेगाचा सिरीयल नंबर लगच्या मागच्या बाजूला इतका बारीक कोरलेला असतो की मला चष्मा काढून डोळ्याला लूप, म्हणजे घड्याळवाल्यांचं भिंग, लावायला लागली. सायकोचं सोपं, मागच्या झाकणावर सहा आकडे, आणि गंमत म्हणजे त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना, त्यामुळे घड्याळ कधी बनलं तेही कळतं. माझं एक सायको दुकानदाराने सांगितलं त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारं निघालं, ते असो.

प्रश्न वडिलांच्या घड्याळांचा होता. एकसारखी लाखोंनी निघालेली घड्याळं, हेच आपलं हे पटवायचं कसं. ते सोडवलं लक्ष्मी रोडजवळच्या एका घड्याळवाल्या काकांनी. सत्तरी पार, अजून डोळ्याला लूप लावून बसतात, वडिलांची घड्याळं पण त्यांच्याचकडे जायची. त्यांनी सोवारचं मागचं झाकण उघडलं आणि आतली बाजू माझ्यासमोर दिव्याखाली तिरकी धरली. आत सुईने ओरखडल्यासारखी अक्षरं होती, तीन वेगवेगळ्या हातांची. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आपली खूण आणि कधी कधी तारीख आतून कोरून ठेवतो, पुन्हा आलं की ओळखावं म्हणून. त्यातली एक खूण खुद्द त्यांचीच होती, ३-९४ असं लिहिलेलं. "हे माझं अक्षर," म्हणाले, "तुझ्या वडिलांनी तेव्हा मेनस्प्रिंग बदलून नेली होती." सिरीयल नंबर कुणी घासून काढू शकतं पण हे ओरखडे कुणाला माहीतच नसतात. अकराच्या अकरा झाकणं उघडून आतले फोटो काढले. पैसे घेत नव्हते, जबरदस्ती दिले.

यादी एका एक्सेलमध्ये, फोटो एका फोल्डरमध्ये, एक कॉपी मेलवर आणि एक पेनड्राईव्हवर बहिणीकडे चिंचवडला. लॅपटॉपवरच ठेवली असती तर चोर घड्याळांबरोबर यादीही घेऊन गेला असता. ट्यूडर आणि ओमेगाची बिलं आणि वॉरंटी कार्डं वेगळ्या ठिकाणी ठेवली. आधी ती मूळ बॉक्समध्येच होती, म्हणजे चोराला विकताना कागदपत्रांसकट भाव मिळाला असता. परदेशात चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणारी लंडनची वॉच रजिस्टर म्हणून एक व्यवस्था आहे, जुनं महागडं घड्याळ घेणारे डीलर तिथे नंबर टाकून बघतात, पण तिथेही नंबर असेल तरच उपयोग ना.

मग लॉकर. इथे मी पहिला मूर्खपणा केला. ऑनलाईन सहा हजारात एक इलेक्ट्रॉनिक तिजोरी मागवली, आकडे दाबायचे, हिरवा दिवा लागतो, नॉब फिरवायचा. दिसायला एकदम हॉटेलसारखी. भाचा आलेला सुट्टीत, दहावीतला, त्याने मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि मला म्हणाला मामा बाजूला हो. डाव्या हाताने नॉबवर फिरवायचा जोर दिला आणि उजव्या मुठीने तिजोरीच्या टाळक्यावर दणका घातला. तिसऱ्या दणक्याला दार उघडलं. मी पुन्हा लावली, त्याने पुन्हा उघडली. आईने स्वयंपाकघरातून विचारलं काय आपटताय रे. अशा स्वस्त तिजोऱ्यांत आतला बोल्ट एका छोट्या सोलेनॉईडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाच्या, पिनने अडवलेला असतो, पिन स्प्रिंगवर असते, दणका बसला की पिन क्षणभर उडते आणि तेवढ्यात नॉब फिरतो. शिवाय वजन चौदा किलो. म्हणजे मुठीचीही गरज नाही, उचलायची आणि चालू पडायचं, आपणच सगळं एका डब्यात छान पॅक करून दिलेलं.

ती परत केली. दुसरी घेतली ती दुकानात जाऊन, हाताने दणके घालून. दुकानदार बघत राहिला पण काही बोलला नाही. मोटरवर चालणारे बोल्ट, जाड पत्रा, अडतीस किलो, आणि मागे-खाली चार भोकं, जमिनीला आवळायला. आणि घरी आणल्यावर पहिली गोष्ट म्हणजे फक्त आपला कोड नाही तर मास्टर कोडही बदलायचा, कंपनीने दिलेला मास्टर कोड कित्येकांच्या घरात वर्षानुवर्षं तसाच असतो.

बसवायला मिस्त्री आला तेव्हा कळलं की भिंत ही पण एक भानगड आहे. मी दाखवली ती भिंत त्याने बोटाने वाजवली आणि म्हणाला, "साहेब ही चार इंची आहे, यात फास्टनर मारला तर पहारीने अख्खी वीट बाहेर येईल." नऊ इंची भिंत बाहेरच्या बाजूला, तिथे पावसाळ्यात ओल. शेवटी खालच्या स्लॅबला मारायचं ठरलं. बाथरूमजवळ नको कारण वॉटरप्रूफिंग, दिव्याच्या पॉइंटखाली नको कारण जुन्या पाइपातून वायर कुठून गेलीय कुणालाच माहीत नाही. कुठल्या खोलीत बसली ते मी इथे सांगणार नाही, एवढी तरी अक्कल आता आलीय. बारा एमएमचे चार बोल्ट, तीन इंच खोल. ड्रिलचा आवाज ऐकून खालचे काका धावत वर आले, त्यांना वाटलं पुन्हा चोरी. बिचारे. चहा पाजून पाठवलं.

जुलैमध्ये तिजोरी उघडली तर चामड्याच्या दोन पट्ट्यांवर पांढरी बुरशी. हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता, पुण्याचा पाऊस आणि हवाबंद लोखंडी डबा. आगीपासून वाचवणाऱ्या म्हणून ज्या तिजोऱ्या मिळतात त्यांच्या भिंतीतल्या भरावात ओलावा असतो म्हणून त्यात तर घड्याळं आणखी कोंदटतात, बरं झालं ती घेतली नाही. आता सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, निळे दाणे गुलाबी झाले की काढून एका वेगळ्या जुन्या कढईत मंद आचेवर गरम करायचे, पुन्हा निळे होतात. वेगळी कढई यासाठी की त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, पोह्यांच्या कढईत करू नका, माझ्या घरात यावरून झालंय. पट्टे काढून बाहेर ठेवले, चोराला पट्टे नेऊ देत. आणि क्वार्ट्झवाली जी रोज घालत नाही त्यांचे सेल काढून टाकले, सेल गळला तर चोरापेक्षा जास्त नुकसान करतो.

पण तिजोरी म्हणजे शेवटची गोष्ट आहे, हे मला दारावरून कळलं. आमचं दार सागवानी, जाड, बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, मला फार अभिमान. सुताराने लॅचच्या समोरची चौकटीतली पट्टी काढून दाखवली. पाऊण इंचाचे दोन स्क्रू. म्हणजे एवढं जाडजूड दार आणि ते अडवणारं सामान पाऊण इंच. काकांच्या दाराचंही हेच झालं होतं, कुलूप धड होतं, चौकटीतून पट्टी उपटून आलेली. मग बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तीन इंची स्क्रू आणि जाड पत्र्याची पट्टी, सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. पूर्ण कहाणीतला हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा खर्च. बिजागऱ्यांनाही लांब स्क्रू मारले. जुन्या लॅचबरोबर डेडबोल्ट, म्हणजे चावी फिरवूनच सरकणारा सरळ दांडा, लावला, कारण लॅचची ती तिरकी जीभ कडक प्लॅस्टिकने मागे सरकते, डेडबोल्टची सरकत नाही. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात घालून आतली कडी निघत होती, मुलगी लहानपणी तसंच करायची आणि आम्ही तिचं कौतुक करायचो. तिथे पत्रा लावला. आणि बाहेरून लोंबणारं ते मोठं पितळी कुलूप काढून टाकलं, कारण ते कुलूप म्हणजे घरात कुणी नाही अशी पाटीच असते.

बाथरूमच्या डक्टकडची काचपट्ट्यांची खिडकी राहिलीच होती, सहज लक्षात आली. बाजूने ड्रेनेजचा पाइप. त्या पट्ट्या एकेक करून सरकवून काढता येतात, मी स्वतः काढून बघितल्या. माणूस एवढ्याशा खिडकीतून कसा येईल असं वाटतं ना? जेरुसलेमच्या एल. ए. मेयर म्युझियममध्ये एप्रिल १९८३ मध्ये चोरी झाली, १०६ घड्याळं गेली, त्यात पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी बनवायला घेतलेलं १६० नंबरचं घड्याळही, जगातलं बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध घड्याळ. चोर म्हणजे नामान डिलर नावाचा एकटा बारीक माणूस, मागच्या छोट्या खिडकीतून आत गेला होता आणि अलार्म बंद पडलेला होता. घड्याळं सापडायला सुरुवात झाली ती तेवीस वर्षांनी, त्याच्या मरणानंतर त्याच्या बायकोने वकिलामार्फत परत द्यायची बोलणी केली तेव्हा. मी दुसऱ्याच दिवशी डक्टला ग्रिल मारून घेतलं.

कॅमेरा पण लावला, दारावर एक आणि हॉलमध्ये एक. याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, फक्त राऊटर इन्व्हर्टरवर घ्या आणि पासवर्ड बदला.

बँक लॉकरचा मार्गही करून बघितला, ट्यूडर आणि तीन जुनी तिथे ठेवली. करारनामा, स्टॅम्प पेपर, फोटो, सगळं झालं आणि मग बारीक अक्षर वाचलं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्याच कर्मचाऱ्याच्या फसवणुकीने सामान गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. माझं भाडं साडेतीन हजार, म्हणजे साडेतीन लाख, ठीक आहे. पण पूर, भूकंप असलं काही झालं तर नाही, आणि आत काय ठेवलंय याचा बँक विमा उतरवत नाही. तेही चाललं असतं. खरी अडचण वेगळीच, भावाच्या मुलाच्या मुंजीला रविवारी ट्यूडर घालायचं होतं आणि आठवलं कधी, तर शनिवारी, तेही दुसऱ्या. मुंजीत माझ्या हातात कॅसिओ. बायको म्हणाली, "एवढे पैसे घालून तू बँकेला घड्याळ घेऊन दिलंस." चारही घड्याळं परत घरी आणली.

विम्याचं प्रकरण सगळ्यात त्रासदायक. आमची घराची पॉलिसी होती, भारत गृह रक्षा, देताना एजंट म्हणाला होता सगळं कव्हर आहे. मी पहिल्यांदा ती पूर्ण वाचली. आग, वीज, पूर, भूकंप वगैरे सगळं आहे, आणि चोरी आहे ती अशी की यातलं काही घडलं आणि त्याच्यामुळे त्यानंतरच्या सात दिवसांत चोरी झाली तर. म्हणजे आधी घराला आग लागली पाहिजे. एजंटला फोन केला तर म्हणाला, "सर कोणी वाचतच नाही ना एवढं." घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागलं आणि किमती वस्तूंची यादी वेगळी द्यावी लागली, एकेक घड्याळ किमतीसकट. तिथे माझी एक्सेल कामाला आली. नव्या घड्याळांना बिल चालतं, जुन्यांना व्हॅल्यूएशनचं पत्र लागतं, ते मिळवायला आणखी तीन आठवडे.

आणि घरफोडी या शब्दाचा पॉलिसीतला अर्थ नीट बघायचा. माझ्या पॉलिसीत लिहिलंय की बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा पाहिजेत. २००४ साली सुप्रीम कोर्टाने एका गोडाऊनच्या केसमध्ये हेच सांगितलेलं आहे, पॉलिसीत बळजबरी म्हटलं असेल तर नुसती चोरी झाली एवढं पुरत नाही. म्हणजे दार उघडं राहिलं आणि कुणी शांतपणे नेलं तर क्लेम बोंबलला. घर सलग तीस दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर आधी कळवायचं हेही आहे. या दोन ओळी मी हायलायटरने रंगवून कपाटाच्या आत चिकटवल्यात.

सगळ्यात लाज वाटली ती माझ्या तोंडाची, म्हणजे बोटांची. इन्स्टावर माझे शंभरेक मनगटाचे फोटो, पाठीमागे गॅलरी, गॅलरीतून दिसणारी टेकडी आणि शेजारच्या सोसायटीचं नाव. ट्यूडर आलं तेव्हाचा व्हॉट्सॅप स्टेटस, त्यात कुरियरचं लेबल. आणि गोव्याला गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी बीचवरून, "पाण्यातलं टेस्टिंग". म्हणजे काय आहे, कुठे आहे, आणि आत्ता घरात कुणी नाही, तिन्ही मीच सांगितलेलं. ट्यूडरचा वरचा रिकामा खोका मी अख्खाच्या अख्खा जिन्याखालच्या कचऱ्यात ठेवला होता. आणि ओळख ना पाळख अशा दोघांना घड्याळ बघायला घरी बोलावलेलं, चहा दिलेला. आता कुणी घेणारा-देणारा असला तर बँकेच्या शाखेत भेटतो.

आणि काकांकडच्या घरफोडीवर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय ठरलं? कामवाल्या मावश्यांच्या पिशव्या तपासायच्या. मी विरोध केला आणि वाईट झालो. आमच्या मावशी चौदा वर्षं येतायत, त्या काचेच्या पेटीवरची धूळ रोज त्याच पुसायच्या, एक काटाही हलला नाही. माहिती मी वाटणार आणि पिशवी त्यांची उघडणार.

ऑगस्टमध्ये काकांना पोलिसांचा फोन आला, टोळी सापडली, मुद्देमाल ओळखायला या. पुन्हा मीच बरोबर. टेबलावर कापडावर मांडलेली सात-आठ घड्याळं, त्यात चार काळ्या डायलची. काका बराच वेळ बघत राहिले, एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. शेवटी काकूंनी ओळखलं, पट्ट्याची कडी तुटलेली म्हणून त्यांनी तिथे काळ्या दोऱ्याने टाके घातले होते. तो दोरा बघून हवालदार पण हसले. फेवर ल्युबा सापडलं नाही. कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितलं की हजर करीन अशा हमीवर, घड्याळ हातात यायला पुढे आणखी काही आठवडे गेले.

घरी येऊन मी पुन्हा एकदा यादी ताडून बघितली तर तेवीसपैकी बावीस तिजोरीत. एक कमी. छातीत धस्स झालं. मग आठवलं. वडिलांची एचएमटी जनता आई देत नाही. वडील ड्युटीवरून आले की देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवायचे, ती अजून तिथेच आहे, आणि आई रोज सकाळी पूजा झाली की तिला चावी देते, दिवसाला चार मिनिटं मागे पडते ती लावते. मी म्हटलं अगं आई ती पण आत ठेवू. तर म्हणाली, "आणि चावी कोण देणार? मला त्या तुझ्या डब्याचा नंबर लक्षात राहत नाही." व्हॅल्यूएशनवाल्याने तिची किंमत लिहिलीय पंधराशे रुपये.

मग मी खिळ्यावरच असताना तिचा फोटो काढला, एक्सेलमध्ये शेवटच्या ओळीत टाकला, आणि ठिकाणाच्या रकान्यात, बाकी सगळ्यांसमोर ति असं एक अक्षर आहे, तिथे लिहिलं: देवघर, आईकडे.